यंत्राला स्पॅनिश येते, मग 'पवनार' का अडते?

प्रश्न : माझी भाची वर्ध्याला शिकते. जन्मापासून तिला दिसत नाही. तिचा सगळा अभ्यास लॅपटॉपवर चालतो; यंत्र वाचून दाखवते, ती ऐकते. यंदा हौसेने तिने स्पॅनिश शिकायला घेतली. सुरुवातीला यंत्र स्पॅनिश शब्द इंग्रजीसारखे वाचायचे. तिने कुठलीशी सेटिंग बदलली आणि ते घडाघडा स्पॅनिश वाचू लागले. शिक्षकांनीही उच्चार चांगले असल्याचे सांगितले. तेच यंत्र मराठी वाचायला लागले की 'पवनार'मधला 'व' मोकळा सुटतो, 'माझा' हिंदी माणसाने म्हटल्यासारखे वाटते आणि 'केलं'चे 'केलम्' होते. मराठी बोलावी तशी लिहिली जाते, असे आम्ही शाळेत शिकलो. मग परक्या भाषेत बरोबर आणि घरच्या भाषेत चूक, हे कसे? मराठी एवढी अवघड आहे का? आणि भाचीने यावर काय करावे?
— एक मामा, हिंगणघाट

उत्तर : मराठी अवघड आहे म्हणून हे होत नाही. मराठी लिहिताना उच्चारातले बरेच काही आपण कागदावर आणतच नाही. वाचणाऱ्याला ते घरूनच येत असणार, असे धरून चालतो. स्पॅनिश लिहिणारा त्यातले जवळजवळ सगळे लिहून ठेवतो. यंत्र कोणत्याच घरात वाढलेले नाही, त्याच्यापुढे लिहिलेले असते तेवढेच. दुसरे कारण, स्पॅनिश आवाजांवर पुष्कळ लोकांनी पुष्कळ वर्षे काम केले आहे. मराठीवर फार थोड्यांनी केले. मात्र या दोन्हींच्या आधी एक शंका फेडून घ्यायला हवी. भाचीच्या लॅपटॉपवर मराठी मजकूर वाचणारा आवाज मुळात मराठीच आहे ना?

ही शंका मनात येण्याचे कारण तुमच्याच पत्रात आहे. स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही रोमन लिपीत लिहितात. यंत्राला अक्षरे दिसतात, पण ती कोणत्या भाषेची हे अक्षरांवर लिहिलेले नसते. भाषा सांगितली नाही, तर ते ठरलेल्या आवाजात, म्हणजे बहुधा इंग्रजीत, वाचत सुटते. स्पॅनिशमध्ये 'जे' या अक्षराचा उच्चार 'ख'च्या जवळचा होतो आणि 'एच' मुळीच उच्चारला जात नाही. तिथला नमस्कार 'ओला', पण इंग्रजी आवाज त्याला 'होला' म्हणणार. 'खोसे' नावाच्या माणसाला तो 'जोस' अशी हाक मारणार. भाषा बदलून दिली की तेच यंत्र त्याच अक्षरांतून बरोबर उच्चार काढते.

देवनागरीचेही असेच आहे. मराठी, हिंदी, संस्कृत, नेपाळी आणि देवनागरीत लिहिलेली कोकणी, या सगळ्यांसाठी युनिकोडमध्ये अक्षरांचा एकच संच आहे. मराठी 'च' आणि हिंदी 'च' यांचा संकेतांक एकच. म्हणून फोनवर किंवा संगणकावर देवनागरीसाठी हिंदी आवाज लावलेला असेल, तर मराठी वर्तमानपत्रही हिंदीत उच्चारले जाते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की यंत्राचे मराठी कच्चे आहे. ओळखायला सोपी परीक्षा आहे. 'ज्ञानेश्वर', 'कृषी', 'डोळा' आणि 'माझा' हे चार शब्द वाचून घ्या. 'ग्यानेश्वर', 'क्रिषी' ऐकू आले, 'डोळा'चा 'डोला' झाला, तर तो आवाज हिंदी आहे. 'द्न्यानेश्वर' आणि 'क्रुषी' ऐकू आले, 'ळ' खणखणीत आला आणि फक्त 'माझा' चुकला, तर आवाज मराठी आहे, पण त्याचे शिक्षण अपुरे आहे. या दोन आजारांवरची औषधे वेगवेगळी आहेत. बऱ्याच तक्रारी पहिल्याच प्रकारच्या निघतात आणि आवाज बदलला की मिटतात.

वर्ध्यात तर हा प्रश्न रोजचाच असणार. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ पासून तिथे आहे, महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ पासून. बाजारात, बसमध्ये, वर्गात दोन्ही भाषा एकत्र नांदतात, आणि एकाच संदेशात अर्धे वाक्य हिंदी, अर्धे मराठी असे सहज होते. पवनारच्या आश्रमातून विनोबांनी सांगितले होते की भारतीय भाषांनी आपापल्या लिपीसोबत नागरीही वापरावी. त्यांच्याच प्रेरणेने १९७५ मध्ये नागरी लिपी परिषद स्थापन झाली. माणसांमधल्या भिंती उतरवणारा तो विचार होता आणि मला तो आजही मोठा वाटतो. माणूस दोन-चार शब्द वाचून ओळखतो की ही भाषा कोणती. यंत्रासाठी मात्र लिपी एक असली, तरी भाषेचे नाव वेगळे लिहून द्यावे लागते. संगणकाच्या जगात भाषेला दोन-तीन अक्षरांची खूण असते : स्पॅनिशला 'ईएस', हिंदीला 'एचआय', मराठीला 'एमआर'. मराठी मजकुरावर 'एमआर' ही खूण लावली, की आवाज आपोआप बदलण्याची सोय असलेले यंत्र मराठीकडे वळते. ही खूण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून डोळस लोक ती लावायचे विसरतात.

आता स्पॅनिश यंत्राला सोपी का जाते ते पाहू. तिच्यात शब्दाच्या एका अवयवावर जोर येतो, आणि तो कुठे यायचा याचा नियम आहे. शब्द स्वराने, 'एन'ने किंवा 'एस'ने संपत असेल तर शेवटून दुसऱ्या अवयवावर, एरवी शेवटच्या अवयवावर. हा नियम जिथे मोडतो तिथे त्या स्वरावर तिरकी रेघ देतात. 'तेर्मिनो' असे तीन शब्द आहेत. 'ते'वर जोर आला तर अर्थ शेवट किंवा संज्ञा, 'मि'वर आला तर 'मी संपवतो', 'नो'वर आला तर 'त्याने संपवले'. पहिल्यात 'ए'वर रेघ, तिसऱ्यात 'ओ'वर रेघ, मधला बिनरेघेचा. म्हणजे नियम लिहिलेला आहे आणि अपवादही लिहिलेला आहे. यंत्राला याहून अधिक काय हवे? भाचीला एवढे सांगा, की स्पॅनिश टंकताना ही रेघ आळसाने गाळू नकोस. रेघ गेली की यंत्राचा जोर चुकतो, आणि कानाने शिकणाऱ्याच्या मनात तो चुकीचाच बसतो.

हा नीटनेटकेपणा आकाशातून पडलेला नाही. माद्रिदची रॉयल स्पॅनिश अकादमी १७१३ मध्ये स्थापन झाली आणि १७४१ मध्ये तिने लेखननियमांचे पहिले पुस्तक काढले. बोलणे बदलले तसे लिहिणे बदलत नेले. एके काळी 'ख'च्या जवळचा तो ध्वनी 'एक्स'नेही लिहीत. १८१५ च्या नियमांनी ते काम 'जे'कडे दिले, म्हणून 'दोन किखोते' या कादंबरीच्या नावाचे स्पेलिंगही बदलले. मेक्सिकोने आपल्या नावातला 'एक्स' ठेवला आणि उच्चार 'मेखिको' असाच राहिला. म्हणजे स्पॅनिशमध्येही यंत्राला अपवादांची यादी द्यावीच लागते, पण ती छोटी आहे.

प्रांताप्रांतांतले फरकही हिशेबात धरलेले आहेत. स्पेनच्या मोठ्या भागात 'झेड' आणि 'इ', 'ए'च्या आधी येणारा 'सी' यांचा उच्चार जीभ दातांमध्ये आणून 'थ'सारखा करतात. लॅटिन अमेरिकेत तिथे सरळ 'स' येतो. 'धन्यवाद' माद्रिदमध्ये 'ग्राथिआस', तर मेक्सिकोत 'ग्रासिआस'. यंत्रात या दोहोंसाठी वेगळे आवाज मिळतात. भाचीचे शिक्षक ज्या पद्धतीने बोलतात तोच आवाज तिने निवडावा, नाहीतर वर्गात एक आणि घरी एक असा गोंधळ होईल.

शिवाय स्पेनमध्ये दृष्टिहीनांची 'ओन्से' ही राष्ट्रीय संघटना १९३८ पासून आहे. तिची स्वतःची लॉटरी आहे आणि त्या पैशातून शिक्षण, रोजगार आणि उपकरणे यांची कामे होतात. वापरणारे संघटित असले आणि हातात पैसा असला की यंत्र बनवणाऱ्यांना ऐकावे लागते. वीसेक देशांत बोलली जाणारी भाषा म्हणजे बाजारही मोठा. मराठी मातृभाषा सांगणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख होते. ही संख्याही लहान म्हणता येणार नाही. आपल्याकडे अपुरी पडली आहे ती चुका नोंदवून त्यांच्या मागे लागण्याची चिकाटी.

आता मराठीकडे येऊ. 'पवनार' लिहिताना आपण प, व, ना, र अशी चार अक्षरे लिहितो. लिपीच्या हिशेबाने 'व'मध्ये 'अ' आहे आणि 'र'मध्येही आहे. बोलताना दोन्ही गळतात आणि उरते 'पव्नार्'. लहान मूल हे न शिकवता शिकते. यंत्राला नियम सांगावा लागतो : शब्दाच्या शेवटचा 'अ' गाळ, मग उजवीकडून डावीकडे ये, आणि ज्या 'अ'च्या अलीकडे एकेकटे व्यंजन स्वरासह आहे आणि पलीकडेही तसेच, तो 'अ' गाळ. याच नियमाने 'हिंगणघाट'चे 'हिंगण्घाट' होते, 'देवळी'चे 'देव्ळी', 'पुलगाव'चे 'पुल्गाव', 'केळझर'चे 'केळ्झर'. आणि 'समुद्रपूर'मध्ये 'द्र' हे जोडाक्षर असल्यामुळे त्यातला 'अ' टिकतो. तुमच्या जिल्ह्याचा नकाशा हा या नियमाचा उत्तम पाठ आहे. तुमच्या भाचीच्या यंत्रात हा नियम नसेल किंवा अर्धवट असेल. पण नियम पूर्ण असला तरी तो सगळीकडे पुरत नाही. 'असफल' या शब्दाला तो 'अस्फल' करून टाकील, कारण आधी 'अ' हा उपसर्ग आहे आणि मग 'सफल', हे त्याला कळत नाही. जोडशब्दाची शिवण कुठे आहे, ते कळायला शब्द कळावा लागतो.

याहून खोल अडचण 'च', 'ज' आणि 'झ' यांची. यांतल्या प्रत्येकाचे मराठीत दोन उच्चार आहेत, एक तालव्य आणि एक दंततालव्य, आणि अक्षर एकच. 'चंद्र' आणि 'चांदणे' म्हणून पाहा, जीभ दोन वेगळ्या जागी लागते. 'माझा' म्हणताना ती दातांकडे असते, 'माझी' म्हणताना टाळूकडे. 'घराचा' आणि 'घराची' यांचेही तेच. इथे निदान पुढचा स्वर मदतीला येतो : 'इ', 'ए' किंवा 'य' पुढे असेल तर उच्चार तालव्य. पण पुढे 'अ', 'आ', 'उ', 'ओ' असले की काही सांगता येत नाही. 'चारा' दंततालव्य, तर 'चार' आणि 'चहा' तालव्य. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बहुधा तालव्य राहतात, पण शब्द संस्कृत आहे की नाही हे यंत्र कसे ओळखणार? काही ठिकाणी तर अक्षरन् अक्षर सारखे असते. 'जग सुंदर आहे' आणि 'तू सुखाने जग' यांतला 'जग' एकसारखा लिहितो आणि वेगवेगळा बोलतो. 'जरा थांब' यातला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा', तेही तसेच. इथे नियम संपतात, फक्त याद्या उरतात, आणि त्या याद्या मराठी कान असलेल्या माणसांनी एकेक शब्द तपासून करायच्या असतात. हिंदी आवाजाचे साचे उचलून मराठीला वापरले, तर नेमका हाच भाग कच्चा राहतो.

आता तुमचे 'केलम्'. अनुस्वाराचे नियम शब्दाच्या मध्ये बरेचसे सरळ आहेत. 'हिंगण'मध्ये तो 'ङ्', 'चांदणे'मध्ये 'न्', 'अंबा'मध्ये 'म्'. 'सिंह' आणि 'संवाद' यांसारखे शब्द वेगळे वागतात, पण ते मोजता येण्याजोगे आहेत. शब्दाच्या शेवटचा अनुस्वार मात्र मराठीची खास गोष्ट. 'केलं', 'पुस्तकं', 'असं' यांत तो नाकात किंवा ओठांवर वाजत नाही, तो फक्त सांगतो की 'अ' लांबवा आणि गाळू नका. आणि 'स्वयं', 'अहं' यांत तोच अनुस्वार खरोखरीचा 'म्' आहे. संस्कृत वाचायला शिकलेले यंत्र 'केलं'ला 'केलम्' म्हणणार यात नवल नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले, तेव्हा न उच्चारले जाणारे कितीतरी अनुस्वार गेले. बोलण्यासारखे लिहिताना 'केलं', 'गेलं' यांवरचे राहिले. पूर्वी असे लेखन कथा-कादंबऱ्यांतल्या संवादांत असे. आता वर्तमानपत्रांत, संदेशांत, मुलांच्या पुस्तकांत सगळीकडे असते, म्हणून दृष्टिहीन वाचकाला 'केलम्', 'गेलम्' हे दिवसभर ऐकावे लागते. एका छोट्या नियमाने आणि शे-दोनशे शब्दांच्या यादीने हे सुधारते. ते न सुधारलेले ठेवणे मला अक्षम्य वाटते.

आणखी एक जोडी तुमच्याकडची. 'आचार्यांना जेवायला बोलवा' आणि 'आचाऱ्यांना जेवण करायला बोलवा'. पहिले विनोबांसारखे आचार्य, दुसरे स्वयंपाक करणारे आचारी. पहिल्यात 'य'च्या डोक्यावर रफार, दुसऱ्यात 'र'ची अर्धगोल रेघ. पहिल्यात 'च'वर आघात येऊन 'र' जड होतो, दुसऱ्यात होत नाही. ही दुसरी खूण संगणकावर दोन वेगळ्या रीतींनी टंकता येते, आणि पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारख्या दिसतात. डोळस माणसाला फरक कळत नाही. यंत्राला मात्र दोन वेगळे संकेत मिळतात, आणि त्यातला एक त्याला ठाऊक नसला तर शब्द तिथेच तुटतो. 'वरोऱ्याला' हा शब्द वाचून घ्या. हिंगणघाटात जन्मलेल्या बाबा आमटेंनी याच वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, आणि तिथे अंध मुलांची शाळाही आहे. त्या शाळेच्या गावाचे नाव तरी यंत्राला नीट घेता यायला हवे.

मग हे आवाज करतो कोण? जगभरचे कितीतरी दृष्टिहीन 'एनव्हीडीए' हा मोफत स्क्रीन रीडर वापरतात. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला, आणि जेम्स टेह हा त्याचा दृष्टिहीन मित्र त्याला येऊन मिळाला. एनव्हीडीएसोबत 'ईस्पीक एनजी' नावाचा आवाज येतो. जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ मध्ये एका ब्रिटिश संगणकासाठी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून तो वाढत गेला. २००६ मध्ये 'ईस्पीक' म्हणून बाहेर आला आणि २०१५ च्या शेवटी दुसऱ्या मंडळींनी तो पुढे चालवायला घेतला. त्यात स्पॅनिश आहे, लॅटिन अमेरिकेची स्पॅनिश वेगळी आहे, आणि मराठीही आहे. प्रत्येक भाषेच्या दोन साध्या मजकूर-फाइली असतात : एकीत अक्षरावरून उच्चार काढायचे नियम, दुसरीत अपवादांची यादी. ० ते ९९ या मराठी आकड्यांची नावेही अशी एकेक करून द्यावी लागतात. स्पॅनिशमध्ये तिसाच्या पुढे 'तीस आणि एक' अशी सरळ रचना आहे; आपल्या 'एकोणपन्नास' आणि 'त्र्याहत्तर'ला तसा सोपा नियम नाही.

डडिंग्टन यांनी स्वतःच लिहून ठेवले होते की अनेक भाषांची पहिली आवृत्ती पुस्तकी माहितीवरून केली आहे आणि ती भाषा बोलणाऱ्यांनी चुका सांगाव्यात. ही प्रामाणिक विनंती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. स्पॅनिश बोलणाऱ्यांनी ती ऐकली. आपणही ऐकायला हवी.

तुम्ही विचाराल, एवढे गोड आवाज निघाले असताना हा यंत्रासारखा आवाज कशाला? मायक्रोसॉफ्टचे 'आरोही' आणि 'मनोहर' हे मराठी आवाज ऐकले तर माणूस बोलतोय असेच वाटते. आयआयटी मद्रासच्या हेमा मूर्ती यांच्या नेतृत्वाखाली अनेक संस्थांनी मिळून भारतीय भाषांचे आवाज केले, त्यांतही मराठी आहे. माणसाच्या ध्वनिमुद्रणावरून शिकलेल्या आवाजांना 'चांदणे' बहुधा बरोबर येते, कारण ते त्यांनी ऐकलेले असते. गोष्ट ऐकायला, कविता ऐकायला हेच चांगले. पण रोजच्या कामाला सरावलेले दृष्टिहीन वाचक इतक्या वेगाने ऐकतात की शेजारी बसलेल्याला शब्दही लागत नाही. कळ दाबताच आवाज यावा लागतो, इंटरनेट नसले तरी यावा लागतो, आणि वेग तिप्पट केला तरी शब्द फुटता कामा नये. तिथे ईस्पीकसारखा रुक्ष पण चपळ आवाज टिकून राहतो. आणि त्या वेगात चुकीचा उच्चार महागात पडतो. डोळस वाचकाची नजर शब्दावर परत जाते. ऐकणाऱ्याला थांबून, मागे येऊन, अक्षर-अक्षर वाचून घ्यावे लागते.

आता भाचीने काय करावे. आधी वरची चार शब्दांची परीक्षा घ्यावी आणि हिंदी आवाज असेल तर मराठी निवडावा. एनव्हीडीएमध्ये वाणीच्या सेटिंगमध्ये भाषा आपोआप बदलण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी. म्हणजे ज्या मजकुरावर 'ईएस' किंवा 'एमआर' खूण आहे तो त्या त्या भाषेत वाचला जाईल. स्वतःच्या टिपणांत स्पॅनिश भाग निवडून त्याची भाषा स्पॅनिश अशी नोंदवावी.

मग उच्चारांचा कोश. एनव्हीडीएमध्ये वापरणाऱ्याला स्वतःचा कोश करता येतो : लिहिलेला शब्द एका चौकटीत, यंत्राने तो कसा वाचावा ते दुसरीत. 'पवनार'पुढे 'पव्नार', 'देवळी'पुढे 'देव्ळी', 'केळझर'पुढे 'केळ्झर' असे भरावे. तिथे विचारतात की पूर्ण शब्द जुळायला हवा की कुठेही आला तरी चालेल. गावांच्या नावांना 'कुठेही' निवडावे, कारण मराठीत नाव एकटे येत नाही. 'पवनारला', 'पवनारच्या', 'पवनारहून' असे प्रत्यय घेऊन येते. छोट्या शब्दांना मात्र 'पूर्ण शब्द' हेच निवडावे. 'जरा'साठी 'द्झरा' असे भरून 'कुठेही' निवडले, तर 'गजरा', 'बाजरा' आणि 'गुजराती' यांचीही मोडतोड होईल. हा कोश फक्त मराठी आवाजापुरता ठेवता येतो, तसाच ठेवावा.



कोशाने भाचीची सोय होईल, दुसऱ्या कोणाची होणार नाही. म्हणून तिने चुकणाऱ्या शब्दांची यादी ठेवावी : शब्द, यंत्र काय म्हणते, काय म्हणायला हवे, आणि एक वाक्य. अशा पाच-पन्नास नोंदी झाल्या की ईस्पीक एनजीच्या कर्त्यांना पाठवाव्यात. ते काम खुले आहे आणि कोणीही सुधारणा सुचवू शकतो. स्पॅनिश आणि मराठी दोन्ही कान देऊन ऐकणारी, आणि दिवसातले कित्येक तास यंत्राचेच बोलणे ऐकणारी मुलगी या कामाला भाषेच्या प्राध्यापकाइतकीच योग्य आहे. तिला हे माझ्याकडून जरूर सांगा.

प्रश्न : आमच्या शाळेत एक दृष्टिहीन विद्यार्थी आहे. मी संगणकावर टंकलेली प्रश्नपत्रिका त्याला पाठवतो, तर त्याचे यंत्र 'जे के ई' अशी इंग्रजी अक्षरेच वाचते. आणि यंत्र वाचून दाखवते तर ब्रेल शिकवायची गरज उरली आहे का?
— एक शिक्षक, आर्वी

उत्तर : 'जे के ई' म्हणजे 'राम'. तुम्ही 'कृतिदेव' या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकले आहे. त्यात संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरेच साठतात, 'र'साठी 'जे', कान्यासाठी 'के', 'म'साठी 'ई', आणि फाँट त्यांना वरून देवनागरीचे रूप देतो. यंत्र रूप पाहत नाही, पोटातले वाचते. इतर जुन्या फाँटांचेही असेच होते. इथे उच्चाराचा प्रश्नच येत नाही. त्या मुलापर्यंत मराठी पोहोचलेलीच नाही. मजकूर युनिकोडमध्ये टंका किंवा रूपांतर करून घ्या, आणि कागदाचा फोटो काढून पाठवू नका.

ब्रेल हवीच. नुसते ऐकून शिकलेल्या मुलाला 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक कळायला मार्ग नसतो, कारण यंत्राच्या आणि आपल्याही बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ पुसट होतात. शब्द कुठे तुटतो, अनुस्वार कुठे आहे, 'आचार्य' की 'आचारी', हे बोटांनाच कळते. भारतीय भाषांसाठीची भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली. तिच्यात 'ळ'ला स्वतःचे ठिपके आहेत. तुमच्या विद्यार्थ्याला दोन्ही द्या, आणि पुढची प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये पाठवण्याआधी एकदा स्वतः यंत्राकडून वाचून घेऊन ऐका.